ओसोग्बोच्या ट्रिपबद्दल लागोसच्या मराठी मंडळींना खुलं पत्र

लागोसमधल्या समस्त मराठी मंडळींना, आणि खास करून यंदाच्या ट्रिप कमिटीतल्या दादा-वहिनींना सप्रेम नमस्कार.

ग्रुपवर ऑगस्टच्या ट्रिपचं पोस्टर आलं ते बघितलं. ओसुन-ओसोग्बो फेस्टिव्हल, पहाटे इलुपेजूहून एसी बस, वाटेत पोहे-चहा, फेस्टिव्हलचं "लाइव्ह शूटिंग", दुपारी व्हेज-नॉनव्हेज जेवण, मग "खऱ्याखुऱ्या बाबालावोकडून प्रत्येकी दहा मिनिटं भविष्य" (बाबालावो म्हणजे इथला कौल सांगणारा पुजारी) आणि रात्री घरी. वर ठळक अक्षरात "ब्लॅक मॅजिकच्या गावात एक दिवस" आणि खाली कवटी, मशाल वगैरे, तो फोटो कुठून उचललाय देव जाणे. त्यावर अठ्ठावीस अंगठे आणि हसण्याचे इमोजी. मी तिथेच लिहिणार होते पण तिथे लिहिलं की दोन मिनिटांत खाली गुड मॉर्निंगचे फोटो येतात आणि विषय संपतो, म्हणून हे असं उघड आणि लांबलचक लिहितेय, कंटाळा आला तर चहा घेऊन वाचा पण वाचा.

आधीच सांगते, जाऊ नका असं मी म्हणत नाहीये. जा. मी स्वतः जाऊन आलेय आणि परत जाणार आहे. नायजेरियात वर्षानुवर्षं राहून फॅक्टरी, क्लब, शाळा आणि एअरपोर्ट एवढंच बघणारी आपली माणसं आहेत, त्यांनी बाहेर पडलंच पाहिजे. पण ओसोग्बोला उत्सवाच्या शेवटच्या शुक्रवारी जे चालतं तो आपल्यासाठी लावलेला शो नाहीये, ती पूजा आहे, आणि पोस्टरमध्ये लिहिलंय तसे आपण गेलो तर ज्यांची ती पूजा आहे त्यांचं नुकसान होतं. खरंखुरं नुकसान, भावनाबिवना दुखावल्या एवढंच नाही. ते कसं, तेच सांगायचंय.

पहिलं म्हणजे जागा काय आहे ते. ओसोग्बो शहराच्या कडेला ओसुन नदीच्या वळणावर साधारण 75 हेक्टरची देवराई आहे. देवराईच म्हणते मी, कारण कोकणातल्या माणसाला वेगळं काही समजवायला लागत नाही, तोडायचं नाही, शिकार करायची नाही, मासे धरायचे नाहीत, आत देवाची ठाणी. योरुबा मुलखात, म्हणजे नायजेरियाच्या या नैऋत्य भागात, पूर्वी बहुतेक गावांना अशी राई होती, आता फार थोड्या उरल्यात. 1965 ला हिचा काही भाग राष्ट्रीय स्मारक झाला आणि 2005 ला युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आली. अख्ख्या नायजेरियात या यादीत दोनच जागा, एक ईशान्येकडचं सुकुर, 1999 चं, आणि दुसरी ही, जी आपल्यापासून काही तासांच्या रस्त्यावर आहे. (लागोस-इबादान हायवेवर ट्रॅफिक लागलं नाही तर. म्हणजे लागणारच.)

गोष्ट अशी सांगतात की लारोये नावाचा एक राजपुत्र आणि तिमेहिन नावाचा शिकारी दुष्काळामुळे आपलं गाव सोडून लोकांना घेऊन पाणी शोधत निघाले आणि या नदीकाठी येऊन थांबले. जमीन साफ करायला झाड तोडलं, ते नदीत पडलं, आणि पाण्याखालून आवाज आला की माझी रंगाची भांडी फोडलीत रे! ती ओसुन, या नदीची देवी, खाली पाण्यात कापडं रंगवायची भांडी घेऊन बसलेली. मग तिच्यात आणि लारोयेत ठरलं की लोकांनी काठ सोडून जरा वर जाऊन वस्ती करायची, वर्षातून एकदा तिला तिचं द्यायचं, आणि ती त्यांना सांभाळणार, पाणी देणार, पोरंबाळं देणार. ऑगस्टमधला उत्सव म्हणजे त्या ठरावाची दरवर्षीची उजळणी. आणि ओसोग्बो आजही निळीत रंगवलेल्या आदिरे कापडासाठी प्रसिद्ध आहे, ती भांडी नुसती गोष्टीतली नाहीत. इथल्या लेक्की भागातली नाइके गॅलरी आपण सगळ्यांनी पाहुण्यांना दाखवून दाखवून झिजवलीये ना, त्या नाइके डेव्हिस-ओकुंडाये कलाकार म्हणून ओसोग्बोतच घडल्या.

उत्सव एक दिवसाचा नाही, जवळजवळ दोन आठवडे चालतो. सुरुवातीला रस्ता साफ करण्याचा विधी, मग सोळा वातींचा दिवा लावतात, एका रात्री आधीच्या राजांचे मुकुट एकत्र मांडून त्यांचे आशीर्वाद घेतात. हे बघायला बाहेरचं फारसं कोणी नसतं. बाहेरचे सगळे येतात ते शेवटच्या शुक्रवारी, जेव्हा अरुग्बा निघते. अरुग्बा म्हणजे राजघराण्यातली कुमारिका, डोक्यावर नैवेद्याचा मोठा भोपळा, वर कापड झाकलेलं, आणि ती राजवाड्यापासून नदीपर्यंत चालत जाते. तिने ठेच खायची नाही. अडखळली तर ते गावावर, म्हणून भोवती पुजारी, ढोलवाले, पुढे एकमेकांना लांब छड्यांनी मारत जाणारी तरणी पोरं, आणि हजारो माणसं तिच्याकडे बघून तोंडातल्या तोंडात आपलं दुखणं सांगत असतात. मूल होत नाहीये, नवरा परत येत नाहीये, नोकरी नाहीये. तिच्या डोक्यावरच्या त्या भोपळ्यात सगळ्यांचं ओझं घालून ती ते नदीला नेऊन देते. "ओरे येये ओ" असा ओसुनच्या जयजयकाराचा एक पुकारा उठतो की अंगावर काटा येतो, माझ्यासारखीच्याही, जिला योरुबा भाव करण्यापुरतीच येते.

तर गेल्या वर्षी आपल्यातल्याच एका बहाद्दराने नेमकं त्या क्षणी सेल्फी स्टिक तिच्या वाटेत घातली. पुजाऱ्यांनी त्याला बाजूला ढकलला, तर वर हा परतीच्या बसमध्ये सांगतोय की लोक फार उर्मट आहेत. मग त्याचं रील आलं, खाली मराठीत कॅप्शन, "आफ्रिकेतली काळी जादू, कमजोर हृदयाच्या लोकांनी बघू नका." त्यात दिसतंय काय, तर ढोल, पांढरे कपडे, आणि एक अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी मान ताठ ठेवून चालतेय. काळी जादू कुठेय यात? पंढरीच्या वाटेवर कोणी परदेशी पोरगा पालखीच्या घोड्यासमोर काठी घालून उभा राहिला आणि घरी जाऊन "इंडियन वूडू" लिहून टाकलं तर आपण त्याला किती शिव्या दिल्या असत्या ते मनात मोजा.

आणि वूडू हे तर इथलं नावही नाही, ते शेजारच्या बेनिन देशातल्या फॉन लोकांच्या वोदुनवरून हैतीमार्गे सिनेमात गेलेलं. इथे म्हणतात ओरिशा, म्हणजे योरुबा देव-देवी. ओसुन, शांगो, ओगुन, ओबाताला, येमोजा. इथल्या रोजच्या बोलण्यात "जुजू", म्हणजे जादूटोणा, म्हणतात लोक, पण कोण म्हणतं बघा, चर्चला जाणारा ड्रायव्हर म्हणतो, मशिदीत जाणारा चौकीदार म्हणतो, आणि नॉलीवूडच्या, म्हणजे इथल्या सिनेमाच्या, पिक्चरात बाबालावो म्हणजे लाल कपड्यातला व्हिलन ठरलेला. ही श्रद्धा बाळगणारा माणूस आपल्याच देशात चोरून बाळगतो. 20 ऑगस्टला ईसेसे दिवस असतो, पारंपरिक धर्माचा दिवस, 2023 ला लागोस राज्य सरकारनेसुद्धा त्यासाठी सुट्टी जाहीर केली, चांगलं झालं. त्याच वर्षी उत्तरेला इलोरिनमध्ये ईसेसेचा उत्सव धमक्या देऊन होऊ दिला नाही. म्हणजे परिस्थिती अशी नाजूक आहे, आणि त्यात आपण वरून येऊन पोस्टरवर कवटी लावायची. आपल्याला इथले लोक ओयिन्बो म्हणतात, गोऱ्याला म्हणतात तोच शब्द, म्हणजे आपल्या बोलण्याला इथे वजन आहे, आपण हसलो की ड्रायव्हर, मेड, ऑफिसबॉय यांना वाटतं बघा साहेबपण तेच म्हणतायत.

गंमत म्हणजे गावात एवढं तट पाडून नाहीये. ओसोग्बोच्या राजाला आताओजा म्हणतात, सध्याचे ओबा जिमोह ओयेतुंजी 2010 पासून गादीवर आहेत, आणि ते स्वतः मुसलमान आहेत. गावात मशिदी भरपूर, आणि ओसुनचा यजमान राजा तोच. हे पचायला आपल्याला जड जाऊ नये खरं तर.

आता फोटोचं. "लाइव्ह शूटिंग" मध्ये काय एवढं, सगळेच काढतात, असं कोणीतरी म्हणणार. हो, काढतात, टीव्हीवाले असतात, मोबाइल कंपन्यांचे आणि बिअर-दारूवाल्यांचे बॅनर लागलेले असतात (ते बघून मलाही चीड येते, पण तो त्यांचा आणि त्यांच्या राजाचा प्रश्न). पण एक किस्सा ऐका, हा इथला नाही, ब्राझीलचा आहे, आणि सार्वजनिक नोंदीतला आहे. ब्राझीलमधल्या साल्वादोर शहरात या योरुबा देवांचीच कान्दोम्ब्ले परंपरा आहे, गुलाम म्हणून नेलेल्या लोकांनी जपलेली. तिथल्या एका मठाच्या प्रमुख होत्या माय जिल्दा. 1992 ला राष्ट्राध्यक्षांच्या विरोधात आंदोलनं चालू होती, तेव्हा त्यांचा एक फोटो एका मासिकात छापून आला. साधा बातमीचा फोटो. 1999 ला तोच फोटो एका मोठ्या चर्चच्या वर्तमानपत्राने उचलला आणि भोंदू लोक गिऱ्हाइकांना कसे लुबाडतात अशा बातमीला लावला. बाईंची बदनामी झाली, घरावर-मठावर हल्ले झाले, आणि 21 जानेवारी 2000 ला हार्ट अटॅकने त्या गेल्या. घरच्यांनी कोर्टात केस लढली. पुढे 2007 ला ब्राझीलने कायदा करून 21 जानेवारी हा धार्मिक असहिष्णुतेविरुद्धचा राष्ट्रीय दिवस ठरवला, तो त्यांच्यामुळे. फोटो काढणाऱ्याच्या मनात काहीच वाईट नव्हतं. फोटो कुठे जाऊन कशाखाली छापला जाईल हे त्याच्या हातात राहिलं नाही एवढंच. आणि तुमचं रील तर तुम्ही स्वतःच "काळी जादू" लिहून सोडताय.

साल्वादोरमध्ये 1976 पर्यंत या मठांना पूजेसाठी पोलिसांकडे नोंदणी करायला लागायची. आणि आज त्याच बायिया राज्याच्या टुरिझमच्या जाहिरातीत पांढऱ्या घेरदार झग्यातल्या बायका हसताना असतात. 1984 ला काझा ब्रांका हा जुना मठ सरकारने राष्ट्रीय वारसा म्हणून संरक्षित केला, ते एक बरं झालं. बऱ्याच मठांत आज पाहुण्यांना बसू देतात पण कॅमेरा बाहेर. बाई-पुरुष वेगवेगळे बसा, अंगभर कपडे घाला, फोन बंद. कोणी कुरकुर करत नाही, कारण आधी सांगितलेलं असतं. आपल्या ट्रिपमध्येही कोणीतरी आधी सांगायला पाहिजे, आणि ते काम कमिटीचं.

आता ते बाबालावोचं पॅकेज. यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण पोस्टरमधली सगळ्यात खटकलेली गोष्ट ती आहे.

ईफा, म्हणजे योरुबांची कौल घ्यायची विद्या, हे दहा मिनिटात हात बघून परदेश योग सांगणं नव्हे. बाबालावो सोळा पामच्या बिया घेऊन, किंवा ओपेले नावाची साखळी टाकून, एक खूण काढतो. अशा खुणा 256, त्यांना ओदु म्हणतात, आणि प्रत्येकीखाली कथा-कवनांचा डोंगर, ते सगळं त्याला पाठ असायला लागतं, लहानपणापासून गुरूकडे राहून शिकलेला असतो. ओदु निघाला की तो कवनं म्हणतो, त्यातलं आपल्याला काय लागू पडतं ते आपण ओळखायचं, मग त्यावर काय करायचं, कोणता नैवेद्य, कोणतं पथ्य, ते ठरतं. ही सगळी ईफा परंपरा युनेस्कोने 2005 ला मौखिक वारशाची उत्कृष्ट ठेव म्हणून जाहीर केली आणि 2008 ला अमूर्त वारशाच्या यादीत घातली. तर हे सगळं प्रत्येकी दहा मिनिटात, बसभर माणसांना, इंग्रजीत, जेवणानंतर, तेही एजंटने ठरवलेल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये? तिथे जो माणूस बसणार तो बाबालावो असेलही, पण तो त्या दिवशी बाबालावोचं काम करणार नाही, तो आपली करमणूक करणार. आणि जो खरोखर तीस वर्षं घासलाय तो हे बघून काय म्हणेल? त्याच्याकडे उद्या गावातला माणूस जाणार की ओयिन्बोंनी मोठा केलेल्याकडे?

हे असं दुसरीकडे होऊन गेलेलं आहे. क्युबात 1990 नंतर सोव्हिएत मदत बंद झाली, खायचे वांधे झाले. 1992 ला घटना बदलून देश नास्तिक न म्हणता धर्मनिरपेक्ष म्हणायला लागला, 1993 ला लोकांना डॉलर वापरायची परवानगी मिळाली, आणि परदेशी पर्यटक हवेच होते. योरुबा देवांची तिथली परंपरा, ज्याला लोक सान्तेरिया म्हणतात, ती एकदम बाजारात आली. परदेशातून माणसं दीक्षा घ्यायला यायला लागली. दीक्षा म्हणजे सात दिवसांचा विधी आणि त्यानंतर वर्षभर पांढरेच कपडे, वर्षभर पथ्य, हवानाच्या रस्त्यावर असे नखशिखांत पांढऱ्यातले लोक सहज दिसतात. पण टुरिस्ट तर थोड्या दिवसांच्या सुट्टीवर. तो वर्षाचं पथ्य पाळणार कधी आणि त्याला विचारणार कोण? आणि परदेशी माणसाला वेगळा दर, डॉलरमध्ये, मग साहजिकच विधीचं सामान महाग, बकऱ्या-कोंबड्या महाग, आणि गल्लीतल्या आजीला आपल्या नातवाची दीक्षा परवडेनाशी होते. दीक्षा देणाऱ्या गोडमदरला दोष देऊन काय उपयोग, तिच्याही घरात चूल पेटायला हवी ना. मी एवढंच म्हणतेय की पैसा आला की आधी रांग बदलते, आणि स्थानिक माणूस मागे सरकतो. ओसोग्बोत ते पूर्ण झालं नाहीये अजून.

ज्यांना खरोखर ईफा विचारायचाय, मनापासून, काही अडलंय म्हणून, त्यांनी जरूर विचारावं, त्याला भारतीय असण्याची आडकाठी नाही. पण मग वेगळे जा, इथल्या ओळखीच्या योरुबा माणसाला घेऊन जा, वेळ घेऊन जा, जे सांगतील ते करायची तयारी ठेवून जा. नुसती मजा म्हणून नको.

मग बाहेरून जे लोक येतात ते काय वेगळं करतात, तेही पर्यटकच ना? हा प्रश्न मला एका काकांनी विचारला होता आणि तो रास्त आहे. त्या शुक्रवारी ओसोग्बोत ब्राझीलचे, क्युबाचे, त्रिनिदादचे, अमेरिकेतले काळे लोक दिसतात, पांढऱ्या कपड्यात, गळ्यात पिवळ्या मण्यांच्या माळा. ते विमानाने येतात, हॉटेलात राहतात, फोटोही काढतात. पण 19 व्या शतकात योरुबांचं ओयो साम्राज्य कोसळलं तेव्हा लढायांत पकडलेले योरुबा हजारोंनी विकले गेले, जहाजात भरून बायिया आणि क्युबाला नेले, आणि त्यांनी तिकडे ओसुनला जिवंत ठेवलं. क्युबात तिला ओचुन म्हणतात, 8 सप्टेंबरला कोब्रेच्या मेरीमातेच्या रूपात पुजतात, कारण उघड पुजायची सोय नव्हती. त्यातले काही लोक सुटून परत लागोसला आले, लागोस आयलंडवरची ब्राझिलियन घरं, पोपो आगुदा, ती त्यांचीच. आपण तिथे फोटोवॉक करतो. तर या लोकांचं ओसोग्बोला येणं म्हणजे माहेरी येणं आहे. त्यांच्यातही फसवाफसवी होते, दीक्षेचे अव्वाच्या सव्वा पैसे लावणारे असतात, सगळे धुतल्या तांदळासारखे आहेत असं अजिबात नाही. पण ते देवीला काहीतरी मागायला आणि द्यायला येतात. आपण फक्त बघायला जातोय, आणि बघायला जाण्यात काही वाईट नाही, फक्त मग मागच्या रांगेत उभं राहायचं, पुढची जागा त्यांची.

आता नदी. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि पोस्टरमध्ये याचा एक शब्द नाही.

नदीवर पोचल्यावर लोक बाटल्या, पिवळे कॅन भरून पाणी घेतात, पितात, तोंडावर मारतात, पोरांना पाजतात. औषध म्हणून, मूल व्हावं म्हणून. फक्त ते पाणी आता पूर्वीचं राहिलेलं नाही. वरच्या अंगाला, इलेशाच्या बाजूला, सोन्यासाठी जमीन उकरायचं काम गेली काही वर्षं जोरात चालू आहे, त्यातलं बरंचसं बेकायदा, आणि तो गाळ खाली नदीत. पाणी चहासारखं तपकिरी झालंय. स्थानिक स्वयंसेवी संस्थांनी पाण्याच्या तपासण्या केल्या त्यात शिसं आणि पारा धोकादायक प्रमाणात निघाला. राज्य सरकारनेही पाणी पिऊ नका असं सांगितलं. तरी लोक पितात, कारण देवीच्या पाण्याने कुणाला अपाय होतो यावर त्यांचा विश्वास बसत नाही, आणि त्यांना ते सांगायचा आपल्याला तरी काय अधिकार. पण आपल्यातल्या दोन वहिनींनी मला विचारलं की कॅन भरून आणलं तर गणपतीत तीर्थ म्हणून ठेवता येईल का. नाही. कृपा करून नाही. लहान मुलांना तर त्या पाण्यात पायही बुडवू देऊ नका. आणि ही नदी तिथेच संपत नाही, ती पुढे दक्षिणेला येऊन लेक्की-लागोसच्या लगूनला मिळते. म्हणजे तिकडचा गाळ शेवटी आपल्याच दारात.

मला इथे खरा राग येतो तो हा की उत्सवाच्या प्रचारात नदीचे सुंदर फोटो असतात, टुरिझमचे आकडे असतात, आणि वरच्या खाणींबद्दल तिथे कोणी बोलत नाही. देवीच्या नावाने पाहुणे बोलवायचे आणि देवी जिच्यात राहते ती नदी सडू द्यायची. आपण परके आहोत, आपण मोर्चा काढू शकत नाही, काढूही नये. पण आपल्यात निदान चार-पाच जण तरी केमिकल आणि वॉटर ट्रीटमेंटच्या कंपन्यांत मोठ्या हुद्द्यावर आहेत, लॅब त्यांच्या हाताखाली आहेत. तिथल्या संस्थांना नमुने तपासून देणं, किट देणं, एवढं तर जमेल? भविष्याच्या पॅकेजचे पैसे तिकडे वळवले तरी चालतील.

आणि राईत जायचंच आहे तर शुक्रवारी त्या गर्दीत राई दिसतच नाही. शनिवारी सकाळी थांबा. आत सिमेंटची आणि मातीची प्रचंड शिल्पं आहेत, झाडांमध्ये उगवल्यासारखी. 1950 च्या दशकात ही राई संपायला आली होती, पुजारी सोडून गेले होते, लोक झाडं तोडत होते, सरकारी खात्याने सागाची लागवड करायला घेतली होती (साग! आपल्याला ऐकून बरं वाटेल पण तिथे तो परका). तेव्हा सुझान वेंगर नावाची ऑस्ट्रियन चित्रकार, ग्राझची, 1950 ला नवऱ्याबरोबर नायजेरियात आलेली, क्षयरोगातून उठलेली, ओबातालाची दीक्षा घेतलेली, तिने गावातल्या लोकांना धरून राई वाचवली. 2009 ला वयाच्या 93 व्या वर्षी गेली, तोपर्यंत ओसोग्बोतच राहिली. गाइड लोक तिचीच कहाणी रंगवून सांगतात, गोरी बाई आली आणि वाचवलं, ते ऐका, पण आदेबिसी अकांजी, बुराइमो ग्बादामोसी, कसाली अकांग्बे या स्थानिक कारागिरांची नावंही विचारा, त्यातली बरीच कामं त्यांच्या हातची आहेत. अकांजी मूळचे गवंडी. मला वेंगरबद्दल आदर आहे, ती दोन आठवड्यांसाठी आली नव्हती, आयुष्य घालवलं तिने, पण वेंगर, वेंगर करत बाकीचे पुसले जातात ते बरोबर नाही.

तर कमिटीला माझं म्हणणं. पोस्टर बदला, कवटी काढा, "ब्लॅक मॅजिक" काढा. भविष्याचं पॅकेज रद्द करा, एजंट कुरकुरला तर मी बोलते त्याच्याशी. एक रात्र ओसोग्बोत मुक्काम करा, गावातल्याच हॉटेलात, म्हणजे चार पैसे गावात पडतील आणि रात्रीच्या हायवेची रिस्कही टळेल, जी तशीही कोणी घेऊ नये. राईचं तिकीट आणि कॅमेऱ्याची जी फी असेल ती रीतसर भरा, पावती घ्या, ओळखीने आत घुसू नका. ड्रोन बसमध्येच राहू दे. अरुग्बा दिसली की फोन खाली, हे बसमध्ये मराठीत आणि हिंदीत दोनदा सांगा, पोरांना वेगळं सांगा. शनिवारी दुपारी आदिरेच्या वर्कशॉपला जा, बायका रंगवताना बघा, घासाघीस थोडी कमी करा (हे मला माहितीये कोणी ऐकणार नाही).

यातलं काही जमणार नसेल, दोन दिवस शक्य नसतील, तर यावर्षी शुक्रवार सोडून द्या आणि नुसती राई बघायला सप्टेंबरनंतर जाऊया, गर्दी नसते, पाऊस ओसरतो, माकडं झाडावरून उतरतात. कोणी म्हणेल मग फेस्टिव्हल चुकणार. चुकू दे. तो आपल्याशिवाय शेकडो वर्षं होतोय.

ज्यांना शुक्रवारी यायचंच आहे त्यांनी ऑफिसची रजा आत्ताच टाका. ऑगस्टमध्ये तिथे चिखल असतो, चांगले बूट घालू नका. पिण्याचं पाणी इथूनच भरून घ्या, माणशी निदान दोन मोठ्या बाटल्या, आणि रिकाम्या बाटल्या परत बसमध्ये. मुक्काम ठरला तर मला सीट ठेवा, पुढची, मागे मला त्रास होतो.

तुमचीच,
इलुपेजूतली एक